मध घेताना माशी विचारा, महिना विचारा

“मध शुद्ध आहे का हो?” हा प्रश्न विचारण्यात काही अर्थ नाही. आजवर कुठला विक्रेता त्याला “नाही” म्हणाला आहे? त्याऐवजी तीन प्रश्न विचारा: माशी कोणती, काढला कोणत्या महिन्यात, आणि पिळून काढलाय की यंत्रातून. ज्याला मधातलं कळतं तो खुलून बोलायला लागतो. ज्याला कळत नाही तो “एकदम ओरिजिनल आहे साहेब” यापुढे सरकत नाही. निम्मी परीक्षा इथेच होते.

आधी घरगुती चाचण्या निकालात काढू. पाण्याच्या ग्लासात थेंब टाकला आणि तो तळाशी गेला म्हणजे शुद्ध, असं सांगतात. साखरेचा घट्ट पाकही तळाशीच जातो. काडेपेटीची काडी मधात बुडवून पेटवली आणि पेटली, तर त्यावरून फार तर मधात पाणी कमी आहे एवढं कळेल. टिपकागद, अंगठ्याच्या नखावरचा थेंब, कुत्रं तोंड लावतं की नाही, मुंग्या लागतात की नाही, हे सगळं करमणुकीपुरतं. आजची भेसळ गुळाच्या पाकाची राहिलेली नाही. तांदूळ किंवा मक्यापासून बनवलेली सिरप मधाच्या साखरांशी इतकी मिळतीजुळती असतात की नेहमीच्या प्रयोगशाळेलाही चकवतात. डिसेंबर २०२० मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने १३ ब्रँडचे नमुने परदेशात एनएमआर चाचणीला (मधातल्या रेणूंची ठेवण यंत्रावर तपासणाऱ्या) पाठवले, तेव्हा त्यातले तीनच टिकले. यातल्या बऱ्याच मोठ्या ब्रँडनी आपल्याकडच्या नेहमीच्या चाचण्या पार केल्या होत्या. कंपन्यांनी हे निष्कर्ष फेटाळले. तो वाद बाजूला ठेवला तरी एवढं नक्की, की जिथे यंत्राला घाम फुटतो तिथे काडेपेटी काय करणार?

माशी कोणती

नाशिक जिल्ह्यात मध देणाऱ्या पाच माश्या भेटतात आणि पाचांचा मध वेगळा.

आग्या ही सगळ्यात मोठी, पाऊण इंचाच्या आसपास. उंच वडावर, कड्यावर, पाण्याच्या टाकीखाली, गंगापूर रोडच्या एखाद्या सहाव्या मजल्याच्या सज्जाखाली तिचं एकच मोठं अर्धवर्तुळाकार पोळं लटकतं, कधी मीटरभर रुंद. ही पाळता येत नाही. फुलोरा संपला की ती मुक्काम हलवते. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरच्या जंगलातून येणारा बहुतेक ‘जंगली मध’ आग्याचाच असतो.

सातेरी मध्यम आकाराची. झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत, वारुळात एकापुढे एक समांतर पोळी बांधते. साधारण सात पोळी म्हणून सातेरी, अशी नावाची फोड सांगतात. ही आपली देशी पाळीव माशी. पेटीत राहते, पण नाराज झाली की पेटी सोडून जायला मागेपुढे पाहत नाही. वर्षाला पेटीमागे पाच ते दहा किलो मध मिळाला तरी चांगलं म्हणायचं.

मेलिफेरा ही युरोपातून आलेली, पेटीत मुकाट राहणारी माशी. पंचवीस ते चाळीस किलोपर्यंत मध देते. म्हणूनच दुकानातल्या बाटल्यांत बहुतेक तिचाच मध असतो. त्यात वाईट काही नाही. फक्त त्यावर ‘जंगली’ लिहिलेलं असेल तर हसून पुढे जावं.

फुलोरी इवलीशी. डाळिंबाच्या बागेत, मेंदीच्या कुंपणात, बोरीच्या फांदीभोवती हाताच्या पंजाएवढं एकच पोळं. जवळ जाऊन पाहिलंत तर पोळ्याचा वरचा भाग फांदीला गुंडाळलेला आणि फुगीर दिसेल. मध त्या फुगवट्यात असतो आणि खालच्या चपट्या भागात पिल्लं. फांदीवर दोन्ही बाजूंना चिकट डिंकासारखा पट्टा लावलेला असतो. तो मुंग्यांसाठी. मध मिळतो अर्धा किलो, फार तर किलोभर. तेवढ्यासाठी अख्खं घरटं मोडणं हा तोट्याचा सौदा आहे, बागाइतदाराच्या बाजूने तर नक्कीच.

पाचवी पोयाची माशी. नांगी नसलेली, तीन-चार मिलिमीटरची, काळपट. जुन्या भिंतीतल्या भोकातून मेणाची नळी बाहेर आलेली दिसली की आत ती आहे. हिचा मध आंबटसर, पातळ आणि एका घरट्यातून शे-दोनशे ग्रॅम. हा मध लिटरच्या बाटलीत स्वस्तात मिळत असेल तर तो पोयाचा नाही.

महिना कोणता

पावसाळ्यात मध मिळत नाही. जून ते ऑगस्ट माशी स्वतःच साठवलेलं खाऊन दिवस काढते, पेटीवाले तिला साखरेचा पाक पाजून जगवतात. याच दिवसांत कुणी “कालच काढलाय, ताजा आहे” म्हणत दारावर आला तर तो पाकच पेटीबाहेर आलाय असं समजा.

पहिला मोठा फुलोरा खुरासणीचा. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इगतपुरीपासून सुरगाण्यापर्यंत माळ पिवळे होतात. खुरासणीचा मध फिका पिवळा, सौम्य आणि लवकर साखरणारा. दिवाळीत घेतलेली बाटली संक्रांतीला गोठलेली दिसली तर तो दोष नाही, उलट ओळख आहे.

कारवीचं गणित निराळं. सात-आठ वर्षांतून एकदा डोंगरच्या डोंगर फुलतात आणि त्या वर्षीचा मध गडद, जाड, चमच्यावरून तुटता तुटत नाही असा. त्याच्या साखरांचं प्रमाण इतर मधांपेक्षा इतकं वेगळं असतं की एफएसएसएआय या सरकारी अन्नसुरक्षा संस्थेच्या मानकांतही कारवीच्या मधाला सुक्रोजची (साध्या साखरेची) वेगळी मर्यादा आहे: फुलांच्या इतर मधांना ५ टक्के, हिला १०. तेव्हा दरवर्षी न चुकता ‘कारवी मध’ विकणाऱ्याला एवढंच विचारा, यंदा कुठला डोंगर फुलला होता?

जानेवारी ते मार्च हा कांद्याच्या डेंगळ्यांचा काळ. निफाड, येवला, चांदवड पट्ट्यात बियाण्यासाठी राखलेल्या कांद्याचे पांढरे गोंडे फुलतात. या फुलांचा मध ताजा असताना खरंच कांद्याचा वास मारतो, काही आठवड्यांनी तो वास निवतो. नाशिकची म्हणून खास चव शोधायची असेल तर ही. बाजारात ती सुटी सहसा मिळत नाही, मिश्र फुलोऱ्यात मिसळून जाते.

मार्च ते मे जांभूळ, करंज, हिरडा. जंगलातल्या मधाची खरी काढणी एप्रिल-मेमध्ये, पावसाच्या आधी. जांभळाचा मध गडद आणि शेवटी किंचित कडवट-तुरट. त्यात जांभळाच्या फळाची चव शोधू नका. मध फुलाचा असतो, फळाचा नाही.

आणि द्राक्षाचा मध? लेबलवर द्राक्षाचा घड आणि खाली ‘नाशिक’ लिहिलेलं दिसतं कधीकधी. द्राक्षाच्या फुलात माशीला नेण्याजोगा मकरंद जवळजवळ नसतो आणि आपल्याकडच्या वाणांना फळधारणेला माशी लागतही नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये बागेत माश्या घोंगावतात त्या आधीच चिरलेल्या, पाखरांनी टोचलेल्या मण्यांवर. मधमाशीचा जबडा द्राक्षाची साबूत साल फोडू शकत नाही. तेव्हा घड तिने नासवले हा आरोपही खोटा.

पाणी किती

मध टिकणार की आंबणार हे ठरतं पाण्यावर. फुलातल्या मकरंदात बहुतेक वेळा निम्म्याहून जास्त पाणी असतं. माश्या तो एकमेकींच्या तोंडी देत, त्यात पाचकरस मिसळत, घरांत पातळ थर देऊन रात्रभर पंखांनी वारा घालत अठरा टक्क्यांच्या आसपास आणतात आणि मगच वर मेणाचं झाकण घालतात. झाकण घातलेला मध म्हणजे पिकलेला मध. पेटीवाल्याने फ्रेमचा (पेटीतल्या पोळ्याच्या चौकटीचा) किमान तीन-चतुर्थांश भाग झाकला जाईपर्यंत थांबायला हवं. घाई केली तर मध कच्चा निघतो. मानकांप्रमाणे पाणी २० टक्क्यांच्या वर नको. आग्याचा जंगलातला मध बरेचदा याच्या वर जातो. तो भेसळीचा नसतो, पण टिकाऊही नसतो.

घरी पाणी अदमासायला वजनकाटा पुरतो. एक छोटी कोरडी काचेची बाटली घ्या, मानेवर मार्करने रेघ मारा. रिकामी बाटली तोला. रेघेपर्यंत पाणी भरून तोला, समजा पाण्याचं वजन २०० ग्रॅम भरलं. बाटली पूर्ण वाळवा, अगदी उन्हात ठेवून. मग त्याच रेघेपर्यंत मध भरा आणि रात्रभर झाकून ठेवा, म्हणजे आतले बुडबुडे वर येतील. सकाळी पातळी खाली गेली असेल तर थेंबभर मध घालून रेघ गाठा आणि तोला. २८० ग्रॅमच्या आगेमागे भरलं तर ठीक. २७८ च्या खाली उतरलं तर पाणी जास्त आहे, तो मध महिन्या-दोन महिन्यांत संपवा. चूक होते ती दोन ठिकाणी: बाटली ओलसर राहते किंवा बुडबुडे बसू न देता तोलतात. या चाचणीतून फक्त पाणी कळतं, भेसळ नाही. घट्ट सिरपही यात पास होईल. वर्षाला दहा-वीस किलो मध घेणाऱ्यांनी मधाचा रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे मधातलं पाणी मोजणारं उपकरणच, घ्यावा, एका थेंबात उत्तर मिळतं.

पिळून काढलेल्या मधात पाणी वाढतंच, शिवाय पिल्लांचा रस, पराग, मेणाचा चुरा सगळं उतरतं. आठवड्याभरात वर फेस येतो, झाकण उघडताना फुस्स आवाज होतो, चव जिभेला चुरचुरते. हे आंबणं. असा मध उकळून वाचवता येत नाही, स्वयंपाकात वापरून टाकावा. जंगलातला मध नीट काढणारे आग्याच्या पोळ्याचा फांदीलगतचा मधाचा गड्डा तेवढा कापतात, पिल्लांचा भाग राहू देतात आणि तुकडे स्वच्छ फडक्यात टांगून आपोआप गळू देतात. वेळ लागतो, पण मध निवळ येतो आणि पोळंही जगू शकतं.

बादलीत वर तरंगणारा पोळ्याचा तुकडा आणि दोन मेलेल्या माश्या हा कशाचाच पुरावा नाही. लेबलवरचा १४ अंकी परवाना क्रमांकही विक्रेत्याची नोंद दाखवतो, त्या बाटलीची तपासणी नाही.

चव घ्यायची कशी

तीन मध पुरे. चारच्या पुढे जीभ थकते. फिक्यापासून गडदाकडे जा. काचेच्या लहान वाट्यांत प्रत्येकी चमचाभर मध घाला, वाटी दोन्ही तळव्यांत मिनिटभर धरून कोमट होऊ द्या आणि आधी वास घ्या. थंड मधाला वास जवळपास नसतोच, हिवाळ्यात तर नाहीच.

मग पाव चमचा जिभेच्या टोकावर ठेवा आणि गिळू नका. जिभेने टाळ्याला दाबा, तोंड मिटून नाकाने श्वास सोडा. गोडी सगळ्याच मधांना असते, त्यामुळे पहिल्या दोन-तीन सेकंदांना महत्त्व नाही. गोडी ओसरल्यावर मागे काय उरतं ते पाहायचं. खुरासणीत साधारण काहीच उरत नाही, हलका फुलांचा वास तेवढा. जांभळात हिरड्यासारखा तुरटपणा गालांना धरतो. गडद जंगली मधात काकवी, कधी चिंचेची छटा, आणि गिळताना घशाला बारीक खवखव. ती खवखव अनेकांना आवडते, काहींना भेसळीची शंका येते. शंका नको. खरी शंका घ्यावी ती सपाट मधाची: तोंडात ठेवला, गोड लागला आणि गिळल्यावर मागे काहीच राहिलं नाही, ना वास ना आंबटपणा. प्रत्येक मध थोडा आम्लधर्मी असतोच, गोडीखाली तो आंबटपणा लागायला हवा. अति तापवून गाळलेल्या मधाचीही अशीच गत होते, त्यामुळे सपाट चवीवरून थेट चोर ठरवू नका.

दोन मधांच्या मध्ये कोमट पाण्याचा घोट आणि पोळीचा कोरडा तुकडा. चहा अर्धा तास आधी-नंतर बंद. स्टीलचा चमचा चालतो. धातूचा चमचा लागला की मध बिघडतो हे खरं नाही, तांब्या-लोखंडाच्या भांड्यात साठवू नये एवढंच.

साखरला तर

निफाडला थंडी पडली की जिल्हाभरच्या बाटल्या गोठायला लागतात आणि “मध नकली निघाला” म्हणून परत जायला लागतात. मधात मुख्य साखरा दोन: फ्रुक्टोज विरघळून राहते, ग्लुकोजचे कण बनतात. ज्या फुलोऱ्यात ग्लुकोज जास्त तो लवकर साखरतो. तेरा-चौदा अंश तापमानाला हे सगळ्यात वेगाने होतं, म्हणूनच फ्रिजमध्ये मध ठेवणं ही स्वतःच ओढवून घेतलेली आफत. बारीक, लोण्यासारखा साखरलेला मध भाकरीवर लावून खायला पातळ मधापेक्षा सरस. तो मुद्दाम वितळवू नये असं आमचं मत.

वितळवायचाच असेल तर पातेल्यात हात घालवेल इतकं गरम पाणी घ्या, चाळीस ते पंचेचाळीस अंश. गॅस बंद करा. काचेची बाटली झाकण सैल करून त्यात उभी ठेवा, पाणी निवलं की बदला. अर्धा किलोला दोन-तीन तास लागतात. मायक्रोवेव्हमध्ये कडेचा मध उकळतो आणि मधला तसाच राहतो. जास्त तापला की वास उडतो, पाचकरस मरतात, एचएमएफ नावाचं द्रव्य वाढतं आणि रंग काळवंडतो. प्लास्टिकची बाटली असेल तर मध आधी काढून घ्या.

वर पातळ थर आणि खाली कण अशी फारकत दिसली तर मात्र लक्ष ठेवा. ग्लुकोज खाली बसल्यावर वरच्या भागात पाणी वाढतं आणि आंबायला तिथून सुरुवात होते. कोरड्या चमच्याने सगळा ढवळून एकजीव करा. पावसाळ्यात, विशेषतः इगतपुरीकडे, झाकण उघडं राहिलं तर मध हवेतलं पाणी ओढतो. पंचामृतासाठी सणासुदीला बाटली उघडून तशीच देवघरात ठेवण्याची सवय यासाठी वाईट. लहान बाटलीत वेगळा काढा.

आणि बाळाच्या जिभेला मध लावण्याची रीत: एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नका, गुटीतसुद्धा नाही. मधात क्वचित बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू असतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करू शकत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात वाढून विष तयार करतात. मध कितीही शुद्ध असला तरी हा धोका तसाच.

सज्जाखाली आग्या बसली तर

गाडीच्या काचेवर, वाळत घातलेल्या पांढऱ्या कपड्यांवर मोहरीएवढे पिवळे ठिपके दिसायला लागले की वर पाहा. ते रंगाचे नाहीत, आग्याच्या माश्या झुंडीने उडून एकदम विष्ठा टाकतात त्याचे आहेत. दुसरी तक्रार संध्याकाळची: घरात माश्या येऊन ट्यूबलाइटभोवती फिरतात. त्या बाजूचे दिवे बंद ठेवा, पडदे ओढा, निम्मा त्रास संपतो. फुलोरा सरला की काही महिन्यांत पोळं आपणहून रिकामं होतं. जाळणं आणि फवारणं दोन्ही वाईट: जाळताना माश्या अंगावर येतात, आणि फवारणी केलेल्या पोळ्यातला मध कुणीतरी काढून विकतं.

लांबून निरीक्षण करायचं तर निदान वीस-पंचवीस पावलं लांब, वाऱ्याच्या आड, अत्तर न लावता. पोळ्यावरून लहर गेल्यासारखी चमक दिसेल. गांधीलमाशी जवळ आली की हजारो माश्या एकापाठोपाठ एक पोट वर उचलतात, त्याची ती लहर. दगड, धूर, ड्रोन, फटाके, यातलं काहीही जवळ नको.

मोहोळ उठलंच तर हात झाडू नका. डोकं-चेहरा झाकून सरळ पळा आणि बंद खोलीत किंवा गाडीत शिरा. पाण्यात उडी मारू नका, त्या वर घिरट्या घालत थांबतात. नांगी नखाने खरवडून ताबडतोब काढा. कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण विषाची पिशवी तुटल्यावरही आत विष सोडत राहते. नांगीतून केळ्यासारखा वास सुटतो आणि तो इतर माश्यांना त्याच जागी बोलावतो, म्हणून आधी तिथून दूर व्हा, मग जागा धुवा. ओठ-जीभ सुजणं, श्वास लागणं, अंगभर पित्त उठणं, चक्कर, यातलं एकही दिसलं किंवा डंख खूप असले तर थेट १०८ ला फोन करा, हळद-चुना लावत बसू नका.

डेंगळेवाल्यांसाठी थोडं

कांद्याच्या मकरंदात पोटॅशियम जास्त असतं, त्यामुळे माशीला तो फारसा रुचत नाही. शेजारी दुसरा चांगला फुलोरा असेल तर ती तिकडेच जाते. म्हणून परागीभवनासाठी आणायच्या पेट्या आधी आणून ठेवू नका. दहा-पंधरा टक्के गोंडे उघडले की मग आणा, एकरी दोन ते चार, बांधावर, तोंड पूर्वेकडे, सकाळचं ऊन लागेल पण दुपारी सावली येईल अशा. जवळ पाणी हवं: उथळ परात, त्यात खडे, पाणी रोज बदलून. खोल भांड्यात माश्या बुडतात. फुलोऱ्यात फवारणी टाळाच. थ्रिप्ससाठी (फुलकिड्यांसाठी) करावीच लागली तर सूर्य मावळल्यावर, आणि आदल्या दिवशी पेटीवाल्याला फोन करून. तो रात्री पेट्यांची दारं जाळीने बंद करतो आणि सकाळी फवारा सुकल्यावर उघडतो.